आक्काचा हिरवा तळवा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. मला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा मी उभ्यानंच पिते. नांदेडच्या रस्त्यानं जाताना मी माणसांची तोंडं बघत नाही, पाय बघते. हा टाच टेकवत नाही, तिचा डावा गुडघा आत वळलाय, त्या बाबांनी उद्याच्या उद्या दवाखाना गाठायला पाहिजे. नवरा म्हणतो, लोकांकडं अशी टक लावून बघत जाऊ नकोस, एखाद्या दिवशी मार खाशील. पण धंदाच तसला, काय करणार? मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि शुगर असलेल्या माणसांच्या पायांवर आमच्या दवाखान्यात जे संशोधन चालतं, त्यात मोजमापं घ्यायचं काम माझ्याकडं आहे.

काम सांगायला सोपं आहे. शुगर जुनी झाली की तळवा बधिर होतो. खडा टोचला, चटका बसला, काही कळत नाही. चालताना ज्या जागी जास्त भार पडतो तिथं आधी घट्टा होतो, मग घट्ट्याखाली जखम. ती चिघळली की बोट जातं, कधी अर्धं पाऊल, कधी गुडघ्यापासून खालचा पायच. आमच्या खोलीत जमिनीवर एक पातळ काळी चटई अंथरलेली असते आणि तिची वायर कॉम्प्युटरला जोडलेली असते. माणूस तिच्यावरून अनवाणी चालला की त्याचा तळवा पडद्यावर उमटतो. भार कमी तिथं हिरवा, जास्त तिथं लाल. लाल दिसला की त्या पायाच्या मापानं मऊ चप्पल करून द्यायची. सगळा हिरवा आला की सहा महिन्यांनी या म्हणायचं.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन हिंडवलेलं तिनंच. रेणापूरजवळच्या एका खेड्यात तिचं सासर. शेत घरचं आहे आणि भाऊजी कितीही नको म्हणाले तरी खुरपं घेऊन ही रानात हजर. तिला दहा-बारा वर्षांपासून शुगर. नायलॉनचा बारीक ताठ धागा तळव्याला टोचून मी तिला विचारलं होतं, कुठं टोचलं सांग. ती म्हणाली, "टोच की आधी." माझं चार वेळा टोचून झालं होतं. मग मी तिला बळंच नांदेडला चटईवर चालायला आणलं.

तिनं चपला पार जिन्याखाली काढल्या. खोलीत आली, चटई बघितली, वाकून तिला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. मग पदर सारखा करून, नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालावं तशी ती हलक्या पायानं चालली. मी म्हटलं, "आक्का, नीट चाल." ती म्हणाली, "चालतीय की." तीनदा चालवली. तिन्ही वेळा तळवा हिरवागार.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे बघ, तुझा पाय माझ्यापेक्षा चांगला आहे. आता पायाची काळजी सोड." ती त्या हिरव्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिली. जाताना म्हणाली, "आपल्या बापाच्या सगळ्या लेकरांत तूच हुशार निघालीस बघ." मी फुगले. खोटं कशाला बोलू, लई फुगले.

आमच्याकडं येणाऱ्या खेड्यातल्या बायका अशाच हलक्या चालायच्या. अर्धापूरच्या असोत की निलंग्याच्या, बहुतेकींचे तळवे हिरवे. मी तर त्यावर एक सिद्धांतच मांडला होता. आयुष्यभर ढेकळांतून अनवाणी चालल्यामुळं या बायकांचं पाऊल जपून पडतं, भार वाटला जातो, वगैरे. आमच्या सरांनाही तो आवडला होता. लेख अर्धा लिहून झाला होता.

मग एक दिवस चटईवर धूळ बसू नये म्हणून मी तिच्यावर जुनं जाजम टाकलं. कॉम्प्युटर चालूच राहिला होता. फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन त्या जाजमावरून गेल्या आणि पडद्यावर अंगठ्याखाली, टाचेखाली लालभडक उमटलं. मला वाटलं, बादलीचं वजन असेल. मी म्हटलं, "मावशी, बादली ठेवून परत एकदा जा बरं." त्या गेल्या. तरी लाल. या मावशींनाही शुगर होती, महिन्यापूर्वी मीच त्यांचं माप घेतलं होतं, आणि तेव्हा त्यांचा तळवा हिरवा होता.

मी जाजम उचललं आणि खाली काय आहे ते त्यांना दाखवलं. मावशी एकदम मागं सरकल्या, वाकून चटईच्या पाया पडल्या. मी विचारलं, "तेव्हा अशा का नाही चाललात?"

"तवा चटई दिसत होती की मॅडम," त्या म्हणाल्या. "एवढं शिकल्या-सवरल्या लोकांचं यंत्र. त्याच्यावर पाय देऊन कसं चालावं? नुस्तं टेकवत गेले."

मी कपाळावर हात मारून घेतला. पुस्तकाला पाय लागला की हात लावून डोळ्यांना लावणारी मी. दसऱ्याला याच कॉम्प्युटरला हळदकुंकू लावणारी मी. मला हे कळू नये? पुण्याहून कुणी पाहुणा येऊन चुकला असता तर समजण्यासारखं होतं. मी याच मातीतली, आणि त्यांच्या आदबीचा मी सिद्धांत करून ठेवला होता.

आणि मग आक्का आठवली. तिचं माप घेऊन चार महिने झाले होते.

फोन लावला. "पाय कसा आहे?" "पायाला काय धाड भरलीय? बरा हाय." "दुखतो का?" "अजाबात न्हाई." हेच तर भ्या होतं. दुखत नाही हे उत्तर बधिर पायाचंही असतं. मी म्हटलं, तळवा बघ आणि सांग. ती म्हणाली, सोयाबीनमधली खुरपणी चाललीय, बाया थांबल्यात, संध्याकाळी बघते. मला संध्याकाळपर्यंत दम निघणार नव्हता. सरांना दारातूनच सांगितलं, आतापर्यंतची सगळी मापं बाद धरा, जाजम टाकून सगळ्यांना परत चालवायला लागेल. ते म्हणाले, "अहो, वर्षभराचं काम आहे ते." मी म्हटलं, "असू द्या," आणि बसस्टँड गाठलं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. माझा जीव नुसता खालीवर. पर्स उघडायची, बंद करायची. शेजारची बाई शेवटी वैतागून खिडकीकडं सरकली. एकदा वाटायचं, उगाच घाबरतेय, तिला काही झालेलं नसणार. लगेच वाटायचं, मी तिला दवाखान्यातून हसत घरी पाठवलंय. लातूरला उतरून दुसरी बस धरली आणि गावात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आक्का रानातून नुकतीच आली होती, न्हाणीपाशी उभी राहून पायावर पाणी घेत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. "आगं, न सांगता?" मी नेहमीसारखी वाकले, तिच्या पायांना हात लावला. जन्मभर मी या पायांना हात लावत आलेय, पण कायम वरून. वाकलेली होते तशीच मी तिचा उजवा पाय धरला आणि उलटा केला.

"काय करायलीस? पडंन की मी!" तिनं भिंतीला हात टेकला.

अंगठ्याच्या बुडाला भोक होतं. कडा पांढऱ्या, आत काळपट, आणि त्यात रुतलेला बाभळीचा काटा. मोडलेला. वास येत होता. तिनं वाकून बघितलं. दुसऱ्या कुणाच्या पायाची चौकशी करावी तसं तिनं मला विचारलं, "कवाचं हाय गं हे?"

त्याच दिवशी भाऊजींनी गाडी बघितली आणि आम्ही तिला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलंय, अंगठा काढावा लागेल. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. मी पोटऱ्यांपर्यंत काढलेले कितीतरी पाय पाहिले आहेत, त्यामुळं अंगठ्यावर भागलं याचं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वॉर्डाबाहेर मी इकडून तिकडं नुसती येरझाऱ्या घालत राहिले. भाऊजी म्हणाले, "बस की जरा." कशी बसू?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली होती. पायाला पांढरं बँडेज. मी कॉटच्या कडेला टेकले आणि तिला सगळं सांगितलं. चटई, जाजम, मावशी, हिरवा रंग का आला ते. म्हटलं, "आक्का, माझंच चुकलं. मी तुला नीट चालायला लावायला पाहिजे होतं."

ती माझी समजूत घालायला लागली. "तुझं काय चुकलं? काटा काय तू घातलास व्हय? अन् माझ्याबी ध्यानात न्हाई आलं." मग सहज सांगावं तशी म्हणाली, "तो शुगरच्या गोळ्या देणारा डॉक्टर मागं म्हणला होता, रोज तळवा बघत जा म्हणून. मी बघायची. कधी चुकवलं न्हाई, दोन-तीन वर्षं. दिवे लागायच्या टायमाला आरसा खाली धरायची अन् दोन्ही पाय बघायची. एकदा काच सापडली होती, तशीच काढली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तू म्हणलीस पाय चांगला हाय, काळजी सोड. त्या दिवसापासून बघितलाच न्हाई."