खंडेनवमीचं सँपल

लोखंड थकतं, हे घरात कुणाला पटवून देणं मला कधीच जमलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "लोखंड थकतंय म्हणं! आणि तू थकतीस ते कुणी बघायचं?" नव्वदीच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या ॲक्सलवर पीएचडी करत होते. ॲक्सल एकदम मोडत नाही. रोजचे हिसके खाऊन पोलादाच्या वरच्या कातडीला बारीक चीर पडते, ती आत आत सरकते आणि एक दिवस भर हंगामात कागलच्या रस्त्यावर चाक निखळतं. किती ओझ्याखाली हे पोलाद किती फेरे टिकतं, एवढंच मला मोजायचं होतं.

एवढंच! बोटाएवढी पोलादाची कांडी, म्हणजे आमचं सँपल, मशीनमध्ये धरायची, तिच्यावर वजन टांगायचं आणि गरागरा फिरवायची. मोडली तर फेरे लिहायचे. न मोडता एक कोटी फेरे झाले, तर तेवढं ओझं पोलादाला चालतं असं धरायचं. सलग चाललं तर अडीच-तीन दिवसांचं काम. पण चालेल तर ना! रात्री लॅब बंद, दुपारी लाईट गायब, मध्येच बेल्ट तुटलेला. प्राचार्यांकडं जनरेटर मागितला तर म्हणाले, "आधी वर्गातले पंखे तरी फिरू द्यात मॅडम." एकेका कांडीला दोन-दोन आठवडे. अशी सात वर्षं गेली. शेवटची कांडी लावली तेव्हा माझे गाईड दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. तोवर प्रबंध दिला नाही तर नवा गाईड, नवी नोंदणी, सगळं पहिल्यापासून. मी मशीनवर पाटीच लावली : मशीन बंद करू नये.

आमच्या लॅबचे मामा पूर्वी फौंड्रीत लेथवर होते. शिपायाच्या पगारात ते लॅब असिस्टंटचं सगळं काम करायचे. खंडेनवमीला सकाळी मी लॅबमध्ये पाय ठेवला आणि बघते तर काय, मशीन बंद. वर झेंडूचा हार, खाली नारळ, आणि माझी कांडी आरशासारखी लखलखीत, मधोमध कुंकवाचं बोट.

"मामा, हे काय केलंत?"

"पूजा की. मशीन चालू ठिवूनच झिरो नंबरचा पॉलिशपेपर मारला, लेथवर मारतोय तसा. सगळा काळपटपणा गेला बघा. मग बंद केलं. आजच्या दिवशी हत्यार चालवत न्हाईत मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चीर जिथं सुरू व्हायची ती कातडीच यांनी घासून काढली होती! ऐंशी लाख फेरे मातीत. "माझ्या सात वर्षांचं वाटोळं केलंत तुम्ही! कुणी सांगितलं होतं हात लावायला?" पोरं गोळा झाली तरी मी थांबले नाही. मामा हातातला प्रसाद तसाच धरून उभे होते. "तुमचं पीएचडी व्हावं म्हणून केलं की वो," एवढंच म्हणाले.

नवी कांडी लावायला वेळच नव्हता. दसऱ्यानंतर तीच पुढं चालवली. झाले की एक कोटी! मोडली नाही. मोडेल कशी, नवी कातडी मिळालेली. मी गाईडना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "कोळसा उगाळावा तितका काळाच. आलेखावर ठिपका मांडा आणि मोकळ्या व्हा." मध्येच घासली, अशी एक ओळ प्रबंधात टाकता आली असती. मी टाकली नाही. ठिपका तेवढा मांडला.

पुढच्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला पुण्याहून एक सर आले. सगळ्या कांड्या टेबलावर मांडल्या होत्या. प्रश्न संपत आले, मामा चहा घेऊन आत आले, आणि सरांनी नेमकी तीच कांडी उचलून उजेडात धरली. "वा! एक कोटी फेरे उगाच नाही झाले. काय फिनिश आहे! कुणाचा हात हा?"

मी पटकन म्हणाले, "माझाच, सर."

सरांनी मामांकडं बघून गमतीनं विचारलं, "काय मामा, खरं का?"

मामांनी ट्रे खाली ठेवला. "व्हय की सर. मॅडमच करत्यात समदं. आमी तर त्या मशीनला हात बी लावत न्हाय."

सगळे हसले. सरांनी मला डॉक्टर म्हणून हाक मारली. मामांनी पहिला कप माझ्यापुढं सरकवला, आणि मला मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.