फोटोवाल्या काकांचा उजेड

औंढ्यातल्या आमच्या शेजारच्या फोटोवाल्या काकांनी मला वैताग आणला होता. घरात पाहुणे आले की आमचा तांब्या नेमका फोटोसाठी त्यांच्या खिडकीत असायचा. मागायला गेलं की म्हणायचे, "सूनबाई, थांबा जरा, ऊन येऊन राहिलं." उजेड कमी पडला की फोटोत रव्यासारखे दाणे दिसतात म्हणे! जास्त झाला तर खिडकीला धोतर बांधायचे.

सासूबाई गेल्यावर भांड्यांच्या वाटणीवरून माझं नि धाकट्या जावेचं कडाक्याचं वाजलं. तेवढ्यात काका कॅमेरा घेऊन दारात.

"वाटून घ्या, पण आधी सगळे भांडे एका जागी मांडा."

मी चिडूनच मांडली. दोघी त्या भांड्यांकडे बघत राहिलो. मग धाकटीनं सासूबाईंचा पितळी डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "ठेवा तुमी."

माझे डोळे भरून आले.

"डबा काहून हलवला?" काका खेकसले.