चिमटीतला शिक्का

परवा बँकेत कुणीतरी शाईचा पॅड उघडला आणि त्या वासानं मला थोरल्या भावाचं, दादाचं, मतदान आठवलं. दुष्काळात विहीर खोदताना, दगडमाती वर ओढायच्या यारीचा दोर तुटून आमचा दादा खाली पडला होता. मान मोडली, बीडच्या दवाखान्यात जीव वाचला, पण पाय आणि बोटं कायमची लुळी पडली. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून कोपराजवळचा एक चालता स्नायू त्याच्या अंगठ्याला जोडला, आणि महिनोनमहिने सराव करून त्याला चिमटीत चमचा धरता यायला लागला. त्याच उन्हाळ्यात साखर कारखान्याची निवडणूक आली. एरवी न फिरकणारा पाण्याचा टँकर सकाळीच गल्लीत हजर, मागोमाग सभासदांना न्यायला पॅनेलची जीप. मतदान केंद्रात पॅनेलचा माणूस मला बाजूला सारून दादाच्या चाकाच्या खुर्चीशी आला. मागच्या वेळी दादाचं मत त्यानंच मारलं होतं. "आण बे, आमीच मारतो," म्हणत त्यानं हात घातला, तोवर दादानं शिक्का चिमटीत पकडला होता. तो माणूस शिक्का ओढायला लागला. केंद्रावरचा साहेब खिडकीबाहेर बघत बसला. दादाचं कपाळ घामानं भिजलं, पण अंगठा हलला नाही. "सोड की!" तो माणूस खेकसला. "धरायला शिकलोय," दादा म्हणाला, "सोडायला अजून न्हाई." आणि शिक्का त्यानं स्वतः मारला. जीप आम्हाला तिथंच टाकून गेली. तापलेल्या डांबरावरून खुर्ची ढकलत मी त्याला घरी आणलं. आज दादा नाही. पण कुणी "तुमच्या वतीनं आमीच करतो" म्हणालं, की माझी मूठ आपोआप वळते.