शेवटचा हात

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. गुहागरला आईला फोन करते तेव्हा नाही, जाऊबाईंच्या शेजारी बसून शेंगा फोडताना नाही. देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं बसले की दत्ताच्या श्वासाचं तेवढं मागते आणि उठते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. आणि आधीच सांगून ठेवते — कीव येणार असेल तर ती माझ्यावर खर्च करू नका.

दत्ता माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते. इथं नावानंच लिहिणार, कारण अहो म्हटलं की माझी जीभ आपोआप खाली जाते, आणि आज मला ती खाली जायला नको आहे.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढं चिपळूणला एका मिठाईच्या दुकानात खोकी भरायचं काम करत होते. तिथं मागच्या बाजूला भट्टी, आणि भट्टीवर हा — बीडकडचा कारागीर. बोलायला लागला की दुकानातल्या पोरी तोंडावर पदर धरून हसायच्या. 'कावून हासता गं?' असं विचारायचा, की आणखी हसायच्या. मी हसले नाही, म्हणून म्हणे त्यानं मला पाहिलं. खरं म्हणजे माझा दात दुखत होता. पण राहू दे, ते त्याला आजही माहीत नाही, आणि तो कबुलीचा विषय नाही.

लग्न करून आम्ही त्याच्या गावी आलो. चौसाळ्याहून आत वळलं की लागतं. गावातल्या गाई-म्हशींचं दूध घ्यायचं, आटवायचं, खवा करायचा, गोळे बांधून बीडला पाठवायचे — ही त्याची भट्टी. समुद्राकाठची मी, इथल्या उन्हात पहिल्या वर्षी सोललीच. पण या गावानं मला टाकलं नाही. करोनात दत्ताला दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता आणि मी घरात कोंडलेली, तेव्हा जाऊबाईंनी रोज उंबऱ्याबाहेर भाकरी ठेवली आणि लांब उभं राहून म्हणाल्या, "खा गं बाई, तू मेलीस तर ह्येला कोण बघंल?" त्या भाकरीचे उपकार मी विसरलेले नाही. आणि त्या उपकारांच्या आडच मी लपले — तेही सांगायला बसले आहे.

दत्ता परत आला. आला म्हणजे — आला का? अंगानं आला. चार पावलं चाललं की धाप. घराला जिना नाही, पण ओटा चढायचा तरी हात टेकून. एखाद्या दिवशी सकाळी उठून गोठा झाडायचा, विहिरीवर जायचा, गाणं म्हणायचा — मी मनात म्हणायचे, संपलं, सुटलो. आणि दुसऱ्या दिवशी उशीवरून मान उचलायला जड. त्या आनंदाची किंमत वसूल केल्यासारखी. सकाळी डोळे उघडले की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते, आज कुठला दत्ता उठलाय म्हणून. असं कधी कुणाच्या तोंडाकडं बघितलंय तुम्ही? रोज? वर्षानुवर्षं?

आणि नाक. नाक गेलं ते गेलंच. भट्टीवरच्या माणसाचं नाक. आधी दुधाचं झाकण उघडलं की सांगायचा, हे रात्रीचं आहे, हे वेगळं ठेव. झोपेतसुद्धा दूध लागल्याचा वास आला की ताडकन उठायचा. आता लसणाची पाकळी नाकाला लावली तरी नुसता बघत राहायचा. बीडचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. करोना गेल्यावरही काहींचं असं लांबतं. बरं होईल. कधी? ते सांगता येत नाही.

ते सांगता येत नाही. या वाक्याबरोबर संसार करून बघा.

गाव काय म्हणायचं? "रिपोर्ट नारमल हाय म्हनं. मग कशापायी पडून ऱ्हातो?" दूध घालायला येणारे मारुतीनाना तर तोंडावर म्हणायचे, "दत्ता, बायकू राबती आन् तू खाटंवर. आमाला बी सांग की ह्यो आजार कुठं भेटतो!" आणि मी? मी भांडायचे. किटली हातात धरून भांडायचे. "नाना, एकदा त्यांच्या छातीला कान लावा, मग बोला." जाऊबाई म्हणायच्या, कोकणातली हाय पण तोंड बीडचं झालंय. त्याच्या बाजूनं माझ्याइतकं कुणी ओरडलं नसेल. सगळ्या गावाला माहीत आहे.

गावाला हे माहीत नाही की माझासुद्धा त्याच्यावर विश्वास नव्हता.

लिहिलं. आता खोडणार नाही. गावाला उत्तर द्यायचे आणि घरात येऊन त्याच्या पाठीकडं बघून विचार करायचे — खरंच येत नसेल वास? की भट्टीचा कंटाळा आलाय? काल तर गात होता. माणूस काल गातो आणि आज हात हलवत नाही, असं असतं का? असतं. आज मला माहीत आहे की असतं. तेव्हा नव्हतं माहीत, असं म्हणून मी सुटणार नाही — डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं.

आता कढईवर येते. फार फिरले.

गौरी-गणपतीचे दिवस होते, खव्याला मागणी. घरात आम्ही दोघंच, जाऊबाई रानात. मी कढईवर, आणि तो शेजारच्या खोलीत खाटेवर, दार उघडं. खवा करताना उलथणं थांबवायचं नसतं. तळ खरवडत राहायचा, नाहीतर दूध खाली लागतं, आणि लागलं की करपट वास सगळ्या कढईत भिनतो. रंगावरून कळत नाही. वासावरून कळतं.

दूध आळत आलं होतं. दंड भरून आले होते. मी मान वळवून पाहिलं, तर तो पडल्या पडल्या माझ्याकडंच बघत होता; खाटेवरून त्याला माझं तोंड तेवढं दिसायचं, हात आणि कढई भिंतीआड. आणि माझ्या मनात आलं — बघूच.

मी हात थांबवला.

चुकून नाही. दमून नाही. जाणूनबुजून थांबवला आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसले. तळ धरला. वास सुटला, माझ्या नाकात गेला, घशात गेला, डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस पूर्वी या वासाला दुसऱ्या गल्लीतून धावत आला असता. तो तसाच बघत राहिला. मग हसला. म्हणाला, "आज जरा बरं वाटतंय गं. येऊ का?"

तिथं सगळं सिद्ध झालं होतं. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं होतं. गावाच्या घरोघरचं दूध जाळून पाहिलं होतं. त्याच वेळी म्हणायला हवं होतं — अहो, दूध लागलं, मी लावलं, तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून. म्हणाले का? नाही. मी उठले आणि उलथणं त्याच्या हातात दिलं.

हे सगळ्यात वाईट आहे. करपवलं त्याहून वाईट. का, ते सांगते. आमच्या भट्टीवर एक रीत आहे, त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनची. कढई उतरताना उलथणं ज्याच्या हातात, तो खवा त्याच्या नावाचा. चांगला निघाला तर वाहवा त्याची, बिघडला तर बोलणी त्यानं खायची. मध्ये कितीही जण बसोत, शेवटचा हात ज्याचा त्याचा. ही रीत मला लग्नानंतर त्यानंच शिकवली होती. उलथणं देताना ती माझ्या डोक्यात होती की नव्हती?

होती.

तो बसला. किती दिवसांनी बसला होता! धापा टाकत, हसत, त्यानं कढई पुरती केली. बोटावर खवा घेऊन चाखला. नाक नसलं की जिभेला गोड तेवढं कळतं. "लई भारी उतरलाय," म्हणाला. मी म्हटलं, हो. तो गोळे बांधायला गेला आणि मी राख घेऊन कढईचा तळ घासला, काळं निघेपर्यंत घासला, त्यानं बघू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आमचा खवा घेणारा बीडचा शेठ स्वतः टेम्पोबरोबर आला. ऐन दुधाच्या वेळेला. किटल्या घेऊन माणसं उभी. त्यानं एक गोळा मधोमध फोडला आणि दत्ताच्या तोंडासमोर धरला. "दत्ता, नाक गहाण टाकलं का बे? कोण होतं कढईवर?"

दत्ता म्हणाला, "शेवटचा हात माझाच होता, शेठ."

मारुतीनाना म्हणाले, "पडून पडून हाताचं वळण गेलं लेका तुझं." कुणीतरी हसलं. जाऊबाई खाली बघत राहिल्या. आणि ती मी — किटली घेऊन भांडणारी, बीडच्या तोंडाची — पदर सारखा करत उभी राहिले. भीती वाटली. ज्यांनी उंबऱ्याबाहेर भाकरी ठेवली त्यांचंच दूध मुद्दाम जाळलं हे कळलं तर परगावच्या बाईला कोण उभं करील, असं वाटलं. वाटलं ते सांगितलं. त्यानं काही झाकलं जात नाही.

त्या दिवसापासून दत्ता कढईला बसलेला नाही. भट्टी माझी झाली. खवा आता माझ्या नावानं जातो, लोक म्हणतात कोकणातली असून हात काय बसलाय. आणि त्याचं बघा. गावात कुणाच्या घरी भाजी करपली तरी म्हणतात, दत्ता बसलावता काय चुलीम्होरं? तोही हसतो त्यांच्याबरोबर.

हसणंसुद्धा मी सोसलं. पण परवा आम्ही डॉक्टरांकडं गेलो. दम आता थोडा कमी आहे, कांद्याचा वास कधीमधी येतो. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही? दत्ता म्हणाला, "साहेब, मधनंच मला भूल पडती. काय करतोय ते कळंना होतं. कढई माझ्या हाताखाली जळली आन् मला पत्त्या न्हाई. तवापासून मी गाडीवर बसत न्हाई, वहिनीच्या नातीला उचलून घेत न्हाई. न जानो, हातातनं सुटली तर?" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. डोक्याचा फोटो काढायला सांगितला.

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते.

कळलं तुम्हाला? त्याला भूल कधीच पडली नव्हती. त्या दिवशी त्यानं कढई नीट फिरवली होती, शुद्धीत, धापा टाकत. त्याच्या आजारात कुठलं दुखणं कशाचं, ते डॉक्टरांना सांगता येत नाही, त्याला नाही, कुणालाच नाही. पण त्यातलं एक कशाचं ते मला ठाऊक आहे. ते करोनाचं नाही. ते माझं आहे. मी त्याला दिलं, आणि तो ते इमानानं अंगावर वागवतोय. तिथंही मी बोलले नाही. घरी येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो झोपला, तेव्हाही नाही.

आता बोलणार. एकट्यात बोलून भागणार नाही, कारण त्याला बोलणी चारचौघांत बसली होती. संध्याकाळी दुधाच्या वेळेला, किटल्या घेऊन सगळे उभे असताना बोलणार. मारुतीनाना असतील, जाऊबाई असतील. शेठला फोन लावून सांगणार. मला माहीत आहे, कुणीतरी लगेच म्हणेल — म्हणजे करपवलं हिनं, तर मग ह्याचा बाकीचा आजारही सोंगच असणार. म्हणू दे. त्याला मी तिथल्या तिथं उत्तर देईन, आणि या वेळी मनात दुसरं काही न ठेवता देईन. धाप खरी आहे. नाक खरं आहे. उठता न येणारे दिवस खरे आहेत. खोटी होते ती मी.

गावानं दूध बंद केलं तर करू दे. जाऊबाईंनी पाठ फिरवली तर त्यांचा हक्क आहे. दत्तानं काय म्हणावं, कढईला पुन्हा बसावं की बसू नये, मला घरात ठेवावं की गुहागरच्या गाडीत बसवावं, हे मी मनात ठरवून ठेवलेलं नाही. ते त्याचं आहे. मला कुणाकडून काही नको.

बाहेर किटल्या वाजायला लागल्या आहेत. तो ओट्यावर बसून दूध मापून घेतोय, आज उठलाय.

खवा मी करपवला. मुद्दाम. आणि उलथणं मी त्याच्या हातात दिलं.