तीन चांदण्या दिसेपर्यंत

काही घरांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते जिन्यात आपोआप साठत जातात. वाकोल्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये असं एकच घर होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या शालोमकाका पेझारकरांचं. काका ज्यू, मूळचे अलिबागकडचे, मराठी आमच्याहून अस्सल. पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. ऐंशीच्या दशकात घाणा उरला नव्हता, शनिवार मात्र शिल्लक होता.

*

काकांना खवले असलेलाच मासा चालायचा. कोळंबी, खेकडे बाद! टोपलीतला मासा तपासल्याशिवाय ते पुढचं बोलायचेच नाहीत. दारावर येणारी कोळीण आधी जाम वैतागायची. एकदा समोरच्या बाई ताजेपणावरून हुज्जत घालायला लागल्या, तेव्हा तिनेच पापलेट त्यांच्या नाकासमोर धरलं. "शालोमशेठनी बघितलाय हा. तुम्ही काय बघणार?"

*

रुबीकाकूंकडे मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. दोघांची गाठ पडता कामा नये, हा धर्माचा नियम. माझ्या आईने एकदा त्यांची मटणाची पळी मागून आणली आणि नेमकी बासुंदीत घातली. परत द्यायला गेली तर काकू हसून म्हणाल्या, "राहू दे गं तुलाच."

हे ऐकून माझी मावशी घाटकोपरहून मुद्दाम आली. "त्यांच्याकडे पितळेचं मोठं पातेलं आहे का गं?"

*

बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, काकांचा. आणि मराठी सिनेमा लागायचा नेमका शनिवारी संध्याकाळी. काकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू व्हायचा, तो शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर संपायचा. तोवर काका बटणाला हात लावत नसत आणि आम्हालाही लावू देत नसत. आम्ही सगळे गच्चीत, माना वर करून.

"काका, तिसरी दिसली!"

"ती सांताक्रूझला उतरतेय," काका म्हणायचे. विमानतळ शेजारीच होता.

उन्हाळ्यात अंधार उशिरा. त्यामुळे हिरो-हिरॉईनची पहिली भेट कशी झाली, हे आमच्या बिल्डिंगला कुठल्याच सिनेमात कळलं नाही.

*

मग काकांच्या शेजारच्या सावंतांची सुलू टीव्हीवर गाणार असं ठरलं. शनिवारी, सिनेमाच्या आधी, म्हणजे लख्ख उजेडात. सावंतांची गिरणी बंद पडलेली, त्यात पाय मोडून प्लास्टरमध्ये. सुलूला गाणं त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना जिने उतरवून दुसरीकडे नेणं शक्य नव्हतं. काकांना काही सुचेना. शनिवार मोडवत नव्हता आणि सावंतांचं तोंड बघवत नव्हतं.

तोड काढली काकूंनी. "शुक्रवारचा दिवा मी सूर्य मावळायच्या आधी लावते. मग तो त्याचा तो जळतो. टीव्हीचंही तसंच करा ना."

शुक्रवारी उजेड असतानाच काकांनी टीव्ही लावला, आवाज मोठा ठेवला आणि हात धुतले. प्रक्षेपण संपल्यावर रात्रभर नुसती खरखर. अख्खा मजला जागा, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

शनिवारी दुपारी लाईट गेली.

सावंतांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. समोर काळा पडदा. काका डोळे मिटून पुटपुटत होते. सुलूची आई रडायच्या बेतात. कार्यक्रमाची वेळ झाली आणि पंखा हलला. बटण कालपासून दाबलेलंच होतं. आधी आवाज आला, सुलूचं नाव घेणारा, मग हळूहळू सुलू. काय गायली पोरगी! आमची छाती फुगली. सावंत ढसाढसा रडले आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाणं संपलं. सावंतांनी डोळे पुसले आणि ऐटीत हात वर केला.

"शालोम, आता बंद कर ता. माझ्या चेडवाच्या मागसून आणि कोणाक बघूक नको."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अजून ऊन होतं.

"बंद कसा करू, सावंत? चांदण्या कुठे दिसल्यात?"

त्या शनिवारी आम्ही सिनेमा पहिल्यापासून पाहिला.