आईची फेरी

पायलट हे त्याचं खरं नाव नव्हे. वॉर्डातल्या एका सिस्टरनं कधीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. एकोणीस वर्षं तो त्या अवाढव्य इस्पितळात पेशंट ढकलत होता. पाच इमारती, बावीस लिफ्ट, आणि कुठल्या वळणावर स्ट्रेचर गचका खातं, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

नोकरीला तो एका श्वासात शिव्या देई आणि दुसऱ्या श्वासात दुवा. शिव्या का, तर कमरेचा मोबाइल घटकेघटकेला किंचाळतो, नवी फेरी! कुठून उचल, कुठे ने, किती मिनिटांत, सगळं त्यावर. पेशंट दारापर्यंत पोचवला की संपलं. पुढे तो बरा झाला का, हे कोण कशाला सांगतंय? रजा मंजूर करणारे साहेब तिसऱ्या इमारतीत बसतात म्हणे, पण त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. आणि दुवा का? पगार पहिल्या तारखेला, आठ तास म्हणजे आठच तास, आणि वर आईवडिलांचे उपचार फुकट. अशी नोकरी सोडेल तो वेडा, असं त्याची बायको म्हणे, आणि बायकोपुढे त्याचं काही चालत नसे.

ते फुकट उपचार आता कामी येणार होते. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुखायला लागलं की म्हातारी भिंत धरून बसे, पण ऑपरेशन म्हटलं की हातपाय गार. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा बाई ऐन वेळी पलंगावरून उतरून घरी. आता मात्र डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की आणखी लांबवलंत तर जिवावर बेतेल. शेवटी आईनं अट घातली.

"तू ढकलत नेणार असशील तर येते. परक्याच्या हातानं मी त्या दारातून आत जायची नाही."

पायलट हो म्हणून मोकळा झाला. पण इस्पितळाचा नियम असा की नात्यातल्या पेशंटची फेरी करायची नाही. कधीकाळी एकजण बापाला नेताना रडत रडत लिफ्टच्या दारावर जाऊन आदळला होता, तेव्हापासूनचा हा नियम. पायलटनं सुपरवायझरची खूप मनधरणी केली. तो माणूस भला, पण त्यानं हात वर केले. फेऱ्या मोबाइल वाटतो, म्हणाला, आणि मोबाइलला आई नसते.

आईला हे सांगायचा काही पायलटला धीर झाला नाही. त्यानं रजा टाकली. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिला घेऊन गेला, तर ज्या पहारेकऱ्याबरोबर तो रोज चहा पितो, त्यानंच फाटकावर अडवलं. ड्यूटी नाही ना, मग नातेवाइकाचा पास काढ! हसावं की रडावं, पायलटला कळेना. गुपचूप रांगेत उभा राहिला.

नऊ वाजता वॉर्डात स्ट्रेचर आलं आणि ढकलत आला कोण, तर लंबू! महिन्याला जास्त फेऱ्या कुणाच्या, यावरून या दोघांचा उभा दावा. दोन वर्षं बोलणं बंद. आईनं लंबूकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि पाय खाली सोडून चपला शोधायला लागली.

पायलट घाईनं पुढे झाला. तो तिच्याजवळ बसला आणि जे होतं ते सांगून टाकलं. फक्त बरोबर चालायला मिळावं म्हणून रजा काढलीय, म्हणाला. तेवढ्यात लंबूनं मोबाइलचा आवाज बंद करून तो खिशात टाकला.

"मावशी, घाई नाही. हा म्हणेल तसं नेतो. हा थांब म्हणाला की थांबतो."

महिना संपायला दोन दिवस उरलेले, आणि हा गडी फेऱ्या बुडवायला तयार! पायलटला भरून आलं. दोन वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला.

आई एकदाची आडवी झाली. लंबू तिच्या डोक्यामागून ढकलत होता, पायलट कडेची दांडी धरून चालत होता. पुढे उतार आहे, असं हा सांगे, माहितीय रे, असं तो म्हणे. आई वाटभर एकटक लेकाकडे बघत होती. ऑपरेशनच्या दाराशी तो ओशाळून पुटपुटला, की तुला शब्द दिला होता, पण ढकलणं काही जमलं नाही.

"बरंच झालं," आई म्हणाली. "ढकलत असतास तर डोक्यामागे राहिला असतास. मला तुझं तोंड तरी दिसलं असतं का?"

मग लंबूला म्हणाली, चल रे बाबा, घे आत.

दोन तासांनी ती सुखरूप बाहेर आली आणि शुद्धीवर येताच खडे बघायला मागितले. घरच्यांच्या जिवात जीव आला. पायलटच्या डोक्यात मात्र दिवसभर आईचं ते बोलणं घोळत होतं. एवढी हजारो माणसं त्यानं त्या दाराशी पोचवली, पण वाटेत त्यातल्या एकालाही त्याचा चेहरा दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर पहिलीच फेरी एका आजोबांची लागली. ढकलणारा कोण, हे बघायला ते सारखी मान मागे वळवत होते. पायलट स्ट्रेचरच्या मागे गेला नाही. आधी पुढे आला, त्यांच्यावर वाकला आणि म्हणाला, "आजोबा, मला नीट बघून घ्या. तुम्हाला मी नेणार आहे."