वेंगुर्ल्याचा चेंडू

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगत होतो, तर आमच्या हेडमास्तरांना असा ठसका लागला की त्यांच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. आणि हेडमास्तरांच्या पाठीत बुक्क्या घालायला मिळताहेत म्हटल्यावर सगळी मास्तरमंडळी धावली! तर ठेवा खाली. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण भर दुपारी, समुद्राच्या काठावर, पाचपन्नास माणसांत, हसतमुखानं खुनाची कबुली एकदाच दिली.

मी तेव्हा बेळगावात मराठी शिकवत होतो. व्याकरण म्हणजे आपला हातखंडा. शब्द कानावर पडायचा अवकाश, लिंग-वचन-विभक्ती सगळं मनातल्या मनात लागलंच म्हणून समजा. कानडी बरी यायची, इंग्रजी कामापुरती. त्यामुळं भाषेच्या बाबतीत आपल्याला कुणी गोत्यात आणू शकत नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. अशा माणसाचं देव काय करतो, ते ऐका.

निपाणीचे आप्पा आमचे जुने स्नेही. तंबाखूचा व्यापार, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. लढाई सुरू व्हायच्या आधी, पेट्रोल सुखानं मिळायचं त्या दिवसांत, त्यांनी कुणा साहेबाची जुनी मोटार घेतली. मोटार घेतली म्हणजे ती कुठंतरी न्यायला पाहिजे. एका शनिवारी बेळगावात आले आणि म्हणाले, “मास्तर, समुद्र बघितलासा काय कवा?”

नव्हता बघितला. मीही नाही, आमच्या मंडळींनीही नाही. मंडळी म्हणजे माझी बायको, इंदू. झालं, दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. पुढं आप्पा चक्र धरून, मागं आम्ही दोघं आणि आमच्या मधे दशम्यांचा डबा. आंबोलीचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला आप्पा भोंगा वाजवायचे आणि इंदू डोळे मिटून कुलस्वामिनीला काहीतरी कबूल करायची. बाराच्या सुमाराला वेंगुर्ल्यात पोचलो तेव्हा देवीला ती किती नारळ बोलली होती, तिचं तिलाच आठवेना.

आणि मग तो समुद्र दिसला.

त्याचं वर्णन करत नाही. निबंधात पोरं करतात तसलं मला जमायचं नाही. एवढंच सांगतो, की मी कोट काढला, टोपी काढली, वहाणा काढल्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि धावत सुटलो. बेळगावात मास्तर माणसाला धावायची सोय नसते हो. रस्त्यात भरभर चाललं तरी संध्याकाळी पालक विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना. इथं ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. आप्पा मोटारीखाली शिरून तिला काय झालंय ते बघत होते, इंदू सुरूच्या झाडाखाली सावलीला बसली होती. मी लाटांबरोबर पुढं जात होतो, मागं येत होतो, आणि एकटाच हसत होतो.

तेवढ्यात वाळूत एक चेंडू दिसला. तांबडा, रबरी, मोसंब्याएवढा. आजूबाजूला कुणी नाही. आता तुम्हीच सांगा, वीस वर्षं पोरांना “चेंडू खेळू नका, अभ्यास करा” म्हणून सांगितलेल्या माणसासमोर असा चेंडू आला तर तो काय करील?

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सगळी ताकद लावून एक लाथ घातली.

काय उडाला म्हणता! थेट समुद्रात. दोन लाटांवर डोकं काढलेलं दिसलं, तिसऱ्या लाटेला दिसेनासा झाला. तेव्हा मात्र जरा ओशाळलो. कुणाचा तरी असणार की. मी हळूच तिथून चार पावलं लांब जाऊन, काही झालंच नाही असं तोंड करून उभा राहिलो.

एवढ्यात होड्यांच्या मागून एक बाई लगबगीनं आली. तिशीतली असेल, मासे वाळत घालता घालता उठून आल्यासारखी. धापा टाकत मला विचारते, “भाऊ, माझां चेडू बघलात काय हो? हंयच खेळत होतां.”

चेंडू हिचाच तर!

आता इथं माझं व्याकरण आडवं आलं. ‘माझां चेडू’, ‘होतां’ — बाईनं सरळ नपुंसकलिंग वापरलं होतं. चेंडू पुल्लिंगी, हे चौथीतलं पोर सांगेल. बरं, अनुस्वारही नाही. शहाणा माणूस असता तर तिथंच थबकला असता. मी काय केलं? मनातल्या मनात तिच्या वाक्यावर लाल शाई फिरवली, दुरुस्त केलं आणि पुढं सरकलो.

पहिल्यांदा मी खोटंच बोललो. बघितला नाही म्हणालो. बाई पुढं गेली, होड्यांच्या आड वाकून वाकून बघायला लागली, हाका मारायला लागली, आणि मग तिला रडूच कोसळलं. मला राहवेना. मास्तर आहे मी, पोरांना खरं बोला म्हणून सांगतो. बाईला परत बोलावलं आणि खात्री करून घेतली, तांबडा होता ना? तिनं डोळे पुसले, तिच्या तोंडावर आशा आली. म्हणाली, “होय, होय, तांबडोच! खंय दिसलां?”

तो तांबडा होता परकर, हे मला नंतर कळलं.

मी म्हणालो, “बाई, रागावू नका. माझ्याच पायानं घात झाला. कुणी बघत न्हाय असं बघून मी एक लाथ घातली. गेला समुद्रात. आता काय तो गावत न्हाय.”

बाई माझ्याकडं नुसती बघत राहिली. मला वाटलं, क्षमा करतेय. म्हणून धीर देण्यासाठी आणखी एक वाक्य टाकलं. “एवढ्यासाठी रडताय कशाला? एकाच्या बदली दोन आणून देतो.”

त्यावर तिनं जी किंकाळी फोडली, ती सावंतवाडीपर्यंत गेली असेल. जाळी विणत बसलेली माणसं धावली. बाई छाती बडवत त्यांना सांगत होती, “ह्या मेल्यान माझ्या चेडवाक लाथ मारून दर्यात टाकल्यान!”

चेडवाक! मी मनात म्हटलं, ही चतुर्थी.

क्षणात सहाजणांनी होडी पाण्यात लोटली, दोघांनी तशीच उडी घेतली, आणि दोघांनी माझे दंड धरले. खरं सांगू? मला भरून आलं. एका गरीब बाईच्या चेंडूसाठी अख्खा गाव होडी घेऊन समुद्रात उतरतो! आमच्याकडं माणूस विहिरीत पडला तरी आधी दोर कुणाचा यावर वाद होतो.

एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पुढं आला. त्यांच्यातला वडीलधारा असावा. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून त्यानं सावकाश विचारलं, “लाथ कित्याक मारलंस?”

मी खरं ते सांगितलं. “समोर दिसला, मजा वाटली.”

म्हाताऱ्यानं परत विचारलं, “मारलंस तेव्हा जीव होतो काय?”

कोकणातली माणसं बोलताना उपमा वापरतात, हे मी ऐकून होतो. जीव म्हणजे हवा. मी म्हणालो, “होता तर! चांगला टणक होता. म्हणून तर एवढा उडाला.”

त्याच्यापुढं काय झालं ते नीट आठवत नाही. एकानं माझी शेंडी धरली एवढं आठवतं. आप्पा हातात पाना घेऊन काळ्या तोंडानं धावत आले आणि त्यांनी गर्दीत कुणालातरी विचारलं. ऐकलं तसा त्यांच्या हातातला पाना गळून पडला. माझ्याकडं बघत एवढंच म्हणाले, “मास्तर, हे काय करून बसलासा?” मी त्यांना म्हणालो, दोन घेऊन देऊ, तुमच्या मोटारीतनंच बाजारात जाऊ. आप्पा मटकन वाळूत बसले.

आणि त्या गर्दीतून वाट काढत इंदू आली. तिच्या हाताला धरून पाचसहा वर्षांची एक पोर. तांबडा परकर, दोन वेण्या, गालाला लोणी. मोटार बघायला म्हणून आली होती, दशमी बघून तिथंच रमली. कुणाची आहे हो ही, मघापास्नं खातीया, असं इंदू विचारत होती.

बाईनं झेप घेतली. पोरीला कवटाळलं, मुके घेतले, एक थोबाडीत दिली आणि परत कवटाळलं. माझे दंड सुटले. माझ्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. ह्या बाईची पोरगीपण हरवली होती आणि चेंडूपण, हा काय दिवस म्हणायचा, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात होडी परत आली. पुढं बसलेला गडी काहीतरी वर धरून ओरडत होता. “चेडू नाय, हो चेंडू गावलो!”

तांबडा, रबरी, मोसंब्याएवढा.

तांडेल एकदा चेंडूकडं बघतो, एकदा पोरीकडं, एकदा माझ्याकडं. मग खाली वाकून पोट धरून तो जो हसायला लागला, तो उठेचना. शेवटी त्यानंच मला समजावून सांगितलं. आमच्यात चेडू म्हणजे मुलगी हो, मास्तर. मग अख्खा किनारा हसत होता. सगळ्यात जास्त ती बाई. तिनं आम्हाला घरी नेलं, शहाळी फोडली, भात वाढला, आणि दर दोन घासांनी माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. शेजारणींना बोलावून बोलावून मला दाखवलं. तो चेंडू कुणाचा होता, ते मात्र आजतागायत कळलं नाही.

परतीच्या वाटेवर आप्पांनी दोनदा मोटार थांबवली. हसू आवरेना, आणि पुढं घाट होता. इंदू मात्र हसली नाही. ती कसलातरी विचार करत होती. आंबोलीच्या वर आलो तेव्हा माझ्याकडं वळली.

म्हणाली, “आवो, एक विचारू? ती बाई छाती बडवून रडत हुती. माणसं दर्यात उड्या टाकत हुती. तवा तुमाला काय वाटलं तरी काय?”

आता बायकोशी खोटं कशाला बोलायचं?

“मला वाटलं,” मी म्हणालो, “नवा असंल.”